कानबाईचा न जुळलेला ओठ

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. वडील नामपूरच्या कांदा मार्केटातली हमाली सोडून सातपूरला कारखान्यात प्रेस मशीनवर हेल्पर म्हणून लागले. एका खोलीत आम्ही चौघं. आई घरी बसून रबरी वॉशरच्या जादा कडा कात्रीने कापायची, आणि त्या वॉशरच्या गोणीला टेकून मी बी.एस्सी. झूलॉजी केलं. माझ्या पुस्तकांना अजून त्या रबराचा वास आहे. अंगात येणं, करणी, दृष्ट... मी कधीच मानलं नाही. आजही मानत नाही. तरी हे लिहितेय.

आम्ही बागलाणचे, त्यामुळे श्रावणात घरी कानबाई बसते. नारळालाच डोळे, नथ लावून देवीचा चेहरा करतात. त्या वर्षी कुंकवाने ओठ काढायला सोनल वहिनी बसली — माझ्या दादाची बायको. तिला दिवस गेले होते, पण घरात अजून सांगितलं नव्हतं.

वरच्या ओठाची रेघ देवीच्या डाव्या बाजूला तुटली. वहिनीने भरली. वाळली, तर पुन्हा तेवढीच फट! तीनदा असं झालं.

"ताई, तुम्ही बघा बरं. माझ्या हातालाच काहीतरी झालंय."

मी हसले. "तेलकट असेल तिथे." फडक्याने घासून पुसलं, स्वतः जाड रेघ ओढली. आरतीपर्यंत फट जागेवर. खालचा ओठ मात्र एकदम झकास... मी गंमत म्हणून फोटो काढला. सोमवारी नारळ नदीत शिरवला, विसर्जन झालं, आणि मी विसरूनही गेले.

पुढे कोजागिरीला ग्रहण आलं. वहिनीला पाचवा महिना. ग्रहणात गरोदर बाईने काही चिरायचं नाही, म्हणून दुपारी वेध लागल्यावर आईने सुरी, विळी सगळं उचलून ठेवलं होतं. पण वहिनीला भूक लागली आणि तिने विळी परत काढून, कांदा चिरून भेळ केली. आईने पाहिलं. तेव्हा फक्त पुटपुटली.

गार्गी जन्मली ती फाटलेला ओठ घेऊन. डावीकडचा. तोंडातली टाळूही मधोमध उघडी. दूध ओढता येईना, बोंडल्याने पाजलं तर अर्धं नाकातून बाहेर. आणि आईचं एकच —

"गिऱ्हानमा कांदा चिरा तिनी! मी सांगेल व्हतं तिले."

बाराव्या दिवशी आईने वहिनीची बॅग भरली. सटाण्याला, माहेरी. "पोर जगाडाले तिनी मायच ठीक," म्हणाली; पोर जगवायचं तर वहिनीच्या आईनेच. दादा मान खाली घालून मोबाईल बघत बसला. वहिनी नुसती बाळाचं नाक पुसत होती. मला कळलं, ही आता गेली तर परत येणार नाही, आणि तिकडे ऑपरेशनसाठी कोणी पाठपुरावा करणार नाही.

मी परातीतली कणीक ओढली. "आई, बस इथे."

"कालेजमा हाईच शिकाडं का? पीठ खेळाले?"

"हेच शिकवलं. बघ." मी कणकेचे तुकडे तोडून मांडले. " पोटात चेहरा आधी सलग नसतोच. कपाळाकडून एक कोंब खाली येतो, दोन्ही गालांकडून एकेक पुढे येतो. मध्ये भेटले की वरचा ओठ होतो. टाळूचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन बाजूंना खाली लोंबतात. मग जीभ खाली जाते, ते आडवे होतात आणि मध्ये चिकटतात."

आईने कणकेचे दोन तुकडे बोटाने जवळ सरकवले. "मंग हाऊ कधी फाटना?"

"फाटला नाही. जुळलाच नाही. तोही सातव्या आठवड्याच्या आत. ग्रहण पाचव्या महिन्यातलं. कांद्याचा काय संबंध?"

"कशावरून?"

मी सोनोग्राफीचे रिपोर्ट काढले, कॅलेंडरवर आठवडे उलटे मोजत गेले. सातवा आठवडा... कानबाईचा रविवार. मला आधी काहीच वाटलं नाही. मग तो फोटो आठवला.

उघडला. तीच बाजू, तेवढीच फट. दाखवू की नको? दाखवला तर माझं सगळं शिक्षण पाण्यात. पण फोटोवर तारीख होती, आणि ती ग्रहणाच्या दोन महिने आधीची होती.

मी फोन आईच्या हातात दिला आणि तारखेवर बोट ठेवलं.

आईने चष्मा लावला. आधी कानबाईचा ओठ बघितला, मग तारीख. चष्मा काढून म्हणाली, "मंग कांदाना काय दोष..." उठली, वहिनीच्या बॅगेतल्या साड्या-परकर परत कपाटात लावायला लागली. बाहेर डोकावून दादावर ओरडली, "मोबाईल ठेव! दवाखानाना नंबर लाव!"

तीन वर्षं घासून शिकलेलं मी सांगितलं आणि बाजी मारली नारळाने! राग आला, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर सातपूर ते दवाखाना किती फेऱ्या झाल्या ते दादाच्या बाईकला विचारा. गार्गीचा ओठ ती पाच महिन्यांची असताना शिवला, टाळू वर्षाच्या आत-बाहेर. मग बोलण्याचे धडे. हवा नाकातून जायची, 'प' निघायचाच नाही. तोंडाने हवा सोडायला शिकावी म्हणून आई रोज तिच्यासमोर कापूस फुंकायची.

त्या फटीला मी योगायोग म्हणते, आणि तो फोटो डिलीट करायचा धीर होत नाही.

परवा गार्गीने वाण्याला स्वच्छ सांगितलं, "पापड द्या." त्याला पहिल्यांदाच समजलं. वहिनी शेजारीच उभी होती, तिला पुन्हा सांगावं लागलं नाही.