तोफेला कुंकू लावलं नाही

तोंडाने मी यजमानांचं नाव घेत नाही. घेतलं ते उखाण्यापुरतं. पण वहीत लिहायला काही मनाई नाही, म्हणून लिहिते: उकंडराव. धाडजवळच्या आमच्या गावात यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, शटर, टाकीचे स्टँड, कोणाच्या सायकलचं मोडलेलं कॅरिअर, सगळं करतात. पण गावात येऊन ‘वेल्डिंगवाले उकंडराव कुठं राहतात’ असं विचारलं तर लोक तोंडाकडे बघतील. ‘तोफवाले’ म्हणा, घरापर्यंत आणून सोडतील. लग्नपत्रिकेत निमंत्रकांमध्येसुद्धा यांच्या नावापुढे कंसात ‘तोफवाले’ छापतात, आणि अशी प्रत्येक पत्रिका हे टीव्हीच्या मागे जपून ठेवतात. धूळ पुसायची मी.

ही तोफ आली कुठून, ते सांगते. आमच्या मक्यात रोही, म्हणजे नीलगायी, आणि डुकरं शिरायची. एका वर्षी तर कणसं भरायच्या आत निम्मं वावर आडवं झालं. यांनी दुकानातला पाइप घेतला, गॅसवर फुटणारं काहीतरी जमवलं आणि असा बार काढला की माझ्या हातातली आरतीची ताटली खाली पडली. रोही जे पळाले ते थेट शेजारच्या शिवारात. दुसऱ्या दिवशी त्या शिवारातले लोक आमच्या दारात. “उकंडभाऊ, आमालेही एक बनवून द्या.” त्यांना दिली, तर रोही त्याच्या पलीकडे. मग पलीकडचे लोक आले. अशी ही तोफ गावोगाव चालत अमडापूरपर्यंत गेली. रोही मात्र तेवढेच राहिले, नुसते फिरत राहिले.

यांनी कोणाला नाही म्हटलं नाही. कसं कापायचं, कसं जोडायचं, सगळं शिकवून मोकळे. “आपल्या हातची विद्या आहे, लपवून काय करायची?” असं म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे, मी टाळ्या वाजवाव्यात म्हणून. मी पोळ्या करत असायची.

पुढे जनावरं शहाणी झाली. बार ऐकून नुसती मान वर करून बघायची आणि परत खायला लागायची. लोक यांना म्हणाले, “भाऊ, नुसत्या आवाजानं भागत नाही आता.” एवढं म्हटलं की झालं. यांच्या डोक्यात भुंगा शिरला. जेवताना पाण्याचा ग्लास तोंडाला लावून त्याच्याकडेच बघत बसायचे. एक दिवस तोफेचं तोंड बारीक केलं, अंगणातले खडे वेचून आत भरले आणि माझं सूप गोठ्याच्या भिंतीला टांगलं. माझ्या आईनं दिलेलं सूप, ज्यात मी देवाच्या नैवेद्याचे तांदूळ पाखडायचे. बार झाला. सूप खाली आलं ते चाळणी होऊन.

मी म्हटलं, “रोह्याले लागलं तर?”

“लागत नाही. नुसता चटका बसते.”

“आन माणसाले लागलं तर?”

“माणूस मक्यात कशाले जाईन? तुले तर सगळं उलटंच सुचते.”

सूप मी फेकलं नाही. गोठ्यात खुंटीला टांगून ठेवलं. येता-जाता यांना दिसावं म्हणून. यांना काही दिसलं नाही. हे खडे भरायचं यांनी ज्ञानेश्वरला शिकवलं. ज्ञानेश्वर आमच्या बांधाला बांध लावून असलेला शेतकरी, पोरगा तसा सरळ. मग ज्ञानेश्वरकडून आणखी कोणी कोणी शिकलं असेल, देव जाणे.

आणि माणूस मक्यात गेला. म्हणजे बाई गेली. समता. आमच्या अंगणवाडीची सेविका, दयाराम भाऊजींची मुलगी. दयाराम भाऊजी गावातले सुतार आणि यांचे बालपणापासूनचे दोस्त. सकाळचा पहिला चहा आमच्या अंगणात, हा त्यांचा नेम. चहात साखर कमी पडली तर “वहिनी, तोफेत घातली का काय साखर?” असं विचारणारा माणूस. श्रावणात समता वस्तीवरच्या बाळंतिणीच्या बाळाचं वजन करून परत येत होती. दिवस मावळायला आला होता म्हणून ती मक्यातल्या पायवाटेनं निघाली. सगळेच निघतात. ज्ञानेश्वरला मका हललेला दिसला. त्यानं बार काढला.

खडा डाव्या डोळ्यात. ज्ञानेश्वरनंच तिला उचलून जीपमध्ये घातलं, संभाजीनगरला नेलं. डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण डोळा गेला. मी गुरुवारचा उपास करत होते, त्यात सोमवारचा जोडला. उपास मी करायचे आणि उद्योग यांनी करायचे, असं आमच्या घरात आधीपासून वाटून घेतलेलं आहे.

पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा करत होते. यांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. “साहेब, मी तोफ केली ती फक्त आवाजाची. खडे भरायचं डोकं ज्ञानेश्वरचं.” मी चहा घेऊन बाहेर आले आणि यांच्याकडे बघितलं. यांनी कपाकडे बघितलं. ज्ञानेश्वर बिचारा सांगत राहिला, काकांनीच शिकवलं म्हणून. पण तोफवाले उकंडराव एकीकडे आणि बार काढणारा पोरगा एकीकडे. कोणाचं खरं धरणार लोक? गुन्हा एकट्या ज्ञानेश्वरवर लागला. दयाराम भाऊजींना मात्र ठाऊक होतं. ते सूप त्यांनी आमच्या गोठ्यात कितीदा पाहिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते चहाला आले नाहीत.

तेव्हापासून मी यांच्या मागे लागले. देवपूजा झाली की विचारायची, जेवायला वाढताना विचारायची. “जाता का ठाण्यात? सांगता का खरं?” उत्तरं ठरलेली. आधी म्हणाले, कुऱ्हाडीनं कोणी कोणाला मारलं तर लोहाराला धरतात का? मी म्हटलं, लोहार कुऱ्हाडीचा नेम धरून सूप फोडून दाखवत नाही. मग म्हणाले, मला काय ठाऊक तिथून समता जाईल! मी म्हटलं, मी विचारलं होतं. मग चिडायचे. मग यांना मोबाइलवर एक परदेशातला माणूस सापडला. सगळ्या जगात त्याची बंदूक चालते म्हणे.

“पाह्य,” मला मोबाइल दाखवून म्हणाले, “या बुढ्याले इचारलं लोकांनी, तुह्या बंदुकीनं इतके लोक मेले, तुले झोप येते का? त्यानं सांगितलं, चांगली येते. मी देशासाठी केली, दुसऱ्यांनी कशी वापरली त्याले मी काय करू? त्याचा पुतळा बसवला आहे तिथं!”

“मंग तुम्हाले काऊन झोप येत नाही?” मी विचारलं.

यांनी मोबाइल बंद केला आणि कूस बदलली.

असे दसऱ्यापर्यंत आलो. सरपंच घरी आले. म्हणाले, यंदा मारुतीच्या पारावर शमीपूजन झाल्यावर तोफेची सलामी द्यायची आणि उकंडरावांना शाल-श्रीफळ. गावाचं नाव यांनीच मोठं केलं. हे हसत हसत हो म्हणाले. माझ्या हातातलं पाण्याचं भांडं मी इतक्या जोरात ठेवलं की सरपंच उठलेच.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा असते. मी पाट मांडते. विळा, कुऱ्हाड, भाजी चिरायची पावशी, यांचं ग्राइंडर, वेल्डिंगचं मशीन, सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळद-कुंकू लावायचं, झेंडूची फुलं वाहायची. वर्षभर ज्यांनी पोट भरलं त्यांच्या पाया पडायचं. हे काम घरात माझं. यांनी सकाळीच तोफेला नवा चॉकलेटी रंग दिला होता आणि ती पाटाच्या मधोमध आणून ठेवली. माझी पावशी सरकवून.

मी सगळ्यांना कुंकू लावलं. तोफेपाशी आले आणि बोट मागे घेतलं.

“लाव नं,” हे म्हणाले.

“नाही लावत.”

“काऊन? पूजेत भेद करते का?”

“देवापुढं मांडून मी पाया पडीन ते खऱ्या वस्तूच्या. ही खोटी आहे. हिनं फक्त आवाज केला, असं तुम्हीच सांगितलं. मग हिची पूजा कशाले? फटाक्याची करता का पूजा?”

“सणाच्या दिवशी भांडण काढते!”

“मी नाही काढलं. थांबा.”

गोठ्यात गेले. खुंटीवरचं सूप काढलं, धूळ झटकली आणि आणून पाटावर ठेवलं. तोफेच्या शेजारी. सुपाच्या भोकांतून पाटाचं लाकूड दिसत होतं. सुपाला मी हळद लावली, कुंकू लावलं, दोन झेंडू वाहिले आणि डोकं टेकलं.

मी नैवेद्याचं ताट आणायला आत गेले, पुरणपोळी होती. बाहेर आले तर पाटावर सूप नाही आणि चपलाही जागेवर नाहीत. जेवण तसंच टाकून जायची यांची जुनी सवय. मीही ताट झाकलं आणि मागे निघाले. एवढ्या दिवसांत माझी एक गोष्ट ऐकली की काय, ते बघायला नको?

हे दयाराम भाऊजींच्या दारात उभे होते, सूप पोटाशी धरून. सुपावर माझे झेंडू तसेच. भाऊजी ओसरीत रंधा मारत होते. त्यांनी वर बघितलं, परत रंधा मारायला लागले.

“दया,” हे म्हणाले, “खडे भरायचं म्याच शिकवलं ज्ञानेश्वरले.”

“मले सांगून राह्यला का बे?” भाऊजींनी रंधा थांबवला नाही. “मले माहीतच होतं. मह्या ओसरीत खरं बोलतो आन साहेबापुढं खोटं? जबाब तू मह्या ओसरीत देला होता का?”

समता आतून आली. काळा चष्मा. हातात वहीच्या कागदांचे कापलेले पक्षी होते, अंगणवाडीच्या पोरांसाठी. मला बघून म्हणाली, “या काकू, बसा.” यांना म्हणाली, “काका, नेम चांगला आहे हो तुमच्या तोफेचा.”

यांनी मान खाली घातली. पण गप्प बसतील तर हे कसले. म्हणाले, “पोरी, तो एक परदेशातला माणूस आहे, बंदूकवाला. त्याचंही असंच...”

मला वाटलं जमिनीत जावं.

“तो? ऐकला मी,” समता म्हणाली. “दवाखान्यात पडून होते तेव्हा खूप व्हिडिओ ऐकले. पाहता येत नव्हतं नं. तुम्ही अर्धाच पाह्यला काका. पुढं म्हातारपणी त्यानं त्याच्या धर्माच्या मोठ्या गुरूले पत्र लिहिलं. माह्या बंदुकीनं मेलेल्या माणसांचा दोष माह्यावर येतो का, म्हणून इचारलं.”

“मंग? गुरूनं काय सांगितलं?” यांनी घाईने विचारलं.

“ते काय करायचं तुम्हाले? तुम्हाले काय वाटते ते सांगा.”

हे सुपाकडे बघत उभे राहिले. भाऊजींचा रंधा एव्हाना थांबला होता.

“येतो,” हे शेवटी म्हणाले. सूप भाऊजींच्या हातात द्यायला गेले, भाऊजींनी घेतलं नाही, म्हणाले, “हे मले नको. उद्या पारावर ने.”

दसऱ्याला पारावर सगळं गाव. शमीची पूजा झाली, आपट्याची पानं वाटून झाली. सरपंचांनी शाल उलगडली. हे उठले, शाल घेतली नाही, सूप वर धरलं. आणि काय बोलावं? “या सुपाले मी तीस पावलांवरून मारलं होतं, पल्ला चांगला होता तोंड बारीक केल्यामुळं...” अरे देवा! मी बायकांत बसले होते, मी तिथून खाकरले. मोठ्यानं. हे थांबले. मग म्हणाले, “खडे भरायचं मी काढलं. ज्ञानेश्वरले मी शिकवलं. पोलिसाले मी खोटं सांगितलं. समताच्या डोळ्यात माझाच खडा आहे. ज्यांच्याजवळ तशी तोफ असेल त्यांनी मले परत आणून द्या.”

पारावर एकदम गलका. कोणी म्हणालं, परत द्यायची तर डुकरं काय तुम्ही हाकलणार? कोणी म्हणालं, एका बाईसाठी सगळ्या गावाचा मका घालवायचा का? हे सगळे कालपर्यंत यांना शाल पांघरवायला निघालेले लोक. सरपंचांनी शालीची घडी परत घातली. गर्दीत दयाराम भाऊजीही उभे होते. ज्ञानेश्वर मात्र खाली बसला आणि उपरण्यात तोंड लपवून रडला. नंतर हे आणि तो दोघं मिळून ठाण्यात गेले, नवा जबाब द्यायला. आता दोघांची नावं आहेत. पुढचं कोर्टात होईल ते होईल. मी महाराजांना शेगावला जाऊन नारळ ठेवला, पण सुटू द्या असं मागितलं नाही. काय मागावं ते कळलं नाही, म्हणून नुसती उभी राहिले.

तोफा किती परत आल्या? ज्ञानेश्वरची आणि आणखी एक मोडकी. बाकी कोणी दिली नाही. ज्यांना यांनी कौतुकानं शिकवलं, त्यांनी पुढं शिकवलं, आणि त्यांनी आणखी पुढं. यांना आता निम्म्यांची नावंसुद्धा ठाऊक नाहीत.

दयाराम भाऊजी अजून चहाला येत नाहीत. मी मात्र सकाळी तीन कप करते. तिसरा गार झाला की हेच पितात, तोंड वाकडं करून.

आणि संध्याकाळी मी दिवा लावते, हे ओसरीत चहा घेऊन बसतात, तेवढ्यात कुठल्यातरी शिवारातून बार ऐकू येतो. हे कान देतात. “हा नुसता आवाजाचा नाही,” म्हणतात. कप खाली ठेवतात, चपला घालतात आणि ती तोफ परत मागायला आवाजाच्या दिशेने चालू लागतात. कधी धाडच्या रस्त्यापर्यंत, कधी त्याहून पुढं. लोक शिव्या देऊन परत पाठवतात.

“चहा तरी पिऊन जा,” मी ओरडते.

ऐकतील तर ना. मी कपावर बशी झाकून ठेवते.