न बांधलेली चिंधी

लडक्या धोडीला एका जागी निवांत बसलेलं पाहिलंय, असं आशागडच्या पाड्यावर कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. जेवताना त्याचा गुडघा हलत असायचा, बोलताना हात. बायको शुक्री म्हणायची, "याच्याच अंगात मुंग्या भरल्यात, आन हा निघालाय लोकांच्या झाडावरचे किडे मारायला." बावीस वर्षं तो नरपडच्या चिकूच्या वाड्यांत फवारणी करत होता आणि त्या कामाचा त्याला भलताच तोरा होता.

त्याच्या बापाला, बारक्याला, असला काही तोरा नव्हता. भाताच्या कणगीत निरगुडीचा पाला, भाजीवर चुलीतली राख आणि पाखरांनी बसून अळ्या टिपाव्यात म्हणून शेतात रोवलेल्या चार फांद्या, एवढीच त्याची किडीशी लढाई. उरलं ते किडीचं, असं म्हणून तो मोकळा व्हायचा. लडक्याच्या तरुणपणी गोणीतून पांढरी भुकटी आली, ती लोकांनी उघड्या हातांनी उधळली. मग बाटल्या आल्या. नवी बाटली आली की पहिल्या वर्षी किडे टपाटप पडायचे, तिसऱ्या वर्षी तेच किडे खुशाल पानावर बसून राहायचे. मग मालक त्याहून जहाल बाटली आणायचा. विष ते विषच, पण सगळे त्याला औषध म्हणायचे. माणूसही अजब प्राणी आहे.

लडक्या मात्र विषाला विषच समजायचा. फवारलेल्या वाडीत शिरायच्या वाटेवर तो निरगुडीची फांदी रोवायचा आणि तिला लाल चिंधी बांधायचा. चिकू काढायला येणाऱ्या पाड्यावरच्या बायका काम झालं की झाडांखालची भाजी खुडून न्यायच्या, पडलेला पिकला चिकू पदराला पुसून तोंडात टाकायच्या. चिंधी दिसली की कोणी गवताच्या काडीलाही हात लावत नसे. अक्षर न वाचणाऱ्या बायकांनाही ती चिंधी वाचता यायची. बावीस वर्षांत लडक्याच्या फवारणीने कोणाचं पोट दुखलं नव्हतं, आणि हे तो दिवसातून एकदा तरी कोणाला तरी ऐकवायचाच.

दोन हजार सतराच्या पावसाळ्यात वाडीचा मालक जिग्नेश म्हणाला, "लडक्याभाई, या सीझनला दवा बंद. बाहेरचे व्यापारी माल तपासून घेतात. आपण सापळे लावू."

"सापळे? उंदीर हायेत का ते?"

जिग्नेश हसला. त्याने झाडांमध्ये दिवे लावले. दिव्याखाली पाण्याचं घमेलं, दिव्याकडे झेपावलेले पतंग त्यात पडायचे. हा पतंग म्हणजे चिकूची बी पोखरणाऱ्या अळीची आई. फळमाशीसाठी वासाची वडी ठेवलेले डबे टांगले, त्या वासाला भुलून नर माश्या आत शिरायच्या आणि अडकायच्या. शुक्रीला ते फार आवडलं. "फसले ते समदे नरच ना?" ती पुन्हा पुन्हा विचारायची आणि बायका खिदळायच्या.

लडक्याला हसू येत नव्हतं. रोज सकाळी घमेल्यातले पतंग मोजायचे आणि जिग्नेशला सांगायचे, एवढंच काम त्याला उरलं होतं. बावीस वर्षं पंपाचा पट्टा वागवून खांद्याला घट्टा पडलेला, आणि आता मेलेले पतंग मोजा! पहिल्या आठवड्यात चौदा निघाले, मग एकोणीस, मग तेवीस. आकडा चढत होता आणि लडक्याची घालमेलही. दुपारी पुन्हा तो सायकल हाणत वाडीत चक्कर मारायचा, फळं उलटीपालटी करून भोक शोधायचा. जिग्नेश म्हणायचा, "थांब. दिवा ओढतोय म्हणून जास्त दिसतात. थोडा धीर धर." धीर हा शब्द लडक्याला शिवीसारखा लागला. वाडी हातची गेली तर लोक काय म्हणतील? लडक्या असताना गेली, असंच ना?

श्रावणात पावसाने चार दिवस उघडीप दिली. फवारणीला असं कोरडं ऊन लागतं. जिग्नेश वलसाडला गेलेला. लडक्याने मोटारीच्या खोलीत गोणपाटाखाली दडवलेली अर्धी बाटली काढली, पाठीवर पंप चढवला आणि उजाडताच तिसरी ओळ फवारून काढली. त्याच ओळीत फळाला दोन भोकं सापडली होती. वारा पाठीशी घेऊन, एक पाऊल मागे सरत, अगदी रीतीने त्याने काम केलं. पानांवरून औषध ठिबकत होतं, आणि कित्येक दिवसांनी त्याला बरं वाटत होतं.

चिंधी खिशात होती. ती त्याने बाहेर काढली, फांदी मोडायला हातही लावला. मग थांबला. चिंधी दिसली तर जिग्नेशला कळणार. बायका आज पलीकडच्या अंगाला काढणीला येणार होत्या, इकडे कशाला फिरकतील? तो सायकलवर बसून घरी आला.

दुपारी शुक्री परतली. टोपली उतरवून ती दारात कुर्डूची भाजी निवडायला बसली.

"कठली भाजी?" लडक्याने विचारलं.

"वाडीतली. तिसऱ्या ओळीत लय कवळी होती. आमी पाचजणींनी घेतली."

लडक्या ताडकन उठला. त्याने तिच्यापुढची भाजी हिसकावून दूर फेकली. शुक्री ओरडली, "येड लागलं का तुला? चिंधी नव्हती तिथं!"

"नव्हती," तो म्हणाला. "मी बांधली नाय."

मग तो धावला. दिसेल त्या दारात शिरून एकच वाक्य सांगत होता, "मी दवा मारली, चिंधी बांधली नाय, भाजी टाका." काळूच्या घरी भाजी अजून टोपलीत होती. सोनूबाईने चुलीवर चढवलेली, ती त्याने पातेल्यासकट उलथी केली. चौथ्या घरातली बाई नदीवर गेली होती आणि भाजी दारातच पडली होती. पाचवं घर सुक्याचं. त्याची बायको रूपी वाडीत दोन चिकू खाऊन आली होती आणि भूक लागली म्हणून भाजी अर्धवट परतून जेवलीही होती. ती भिंतीला टेकून बसली होती. घामाने निथळत होती, तोंडातून लाळ गळत होती. तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. ही लक्षणं त्याला ठाऊक होती. फवारणीवाल्याला ती शिकावी लागतात.

रिक्षात तिला घालून डहाणूला नेताना त्याने आधी वाडीकडे वळायला लावलं. सुक्या शिव्या देत होता, तरी लडक्याने उतरून ती बाटली आणली. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, "काय पोटात गेलंय?" लडक्याने बाटली पुढे केली आणि म्हणाला, "हे. मीच मारलं." बाटलीवरचं नाव वाचून डॉक्टरने लगेच त्या विषावरच्या उताऱ्याचं इंजेक्शन चालू केलं. बाहेर सुक्याने लडक्याच्या कानाखाली वाजवली. लडक्याने हातही उचलला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा तो एका बाकावर दोन तास न हलता बसला.

रूपी वाचली. पाचव्या दिवशी घरी आली. जिग्नेशने पंप स्वतःच्या गाडीत टाकून नेला. रागावला असता तर लडक्याला परवडलं असतं, पण तो नुसता म्हणाला, "मला एक फोन करायचा होतास ना." पतंगांचा आकडा पुढच्या महिन्यात आपोआप उतरला. झाडांखाली सडलेली फळं रोज वेचून पुरली, दाट फांद्या छाटल्या, दिवे तसेच ठेवले, आणि त्या वर्षी भोकं पडलेली फळं आधीपेक्षा कमीच निघाली. जिग्नेशचं खरं ठरलं याचा लडक्याला आनंद झाला असं म्हणणं खोटं होईल. त्याला ते खुपलं.

एकोणीस सालापर्यंत तो सापळ्यांचा वस्ताद झाला होता. तलासरीहून, झरीहून शेतकरी बघायला येत. डबा किती उंचीवर टांगायचा, वासाच्या वडीला औषधाचा हात का लावायचा नाही, घमेल्यात साबणाचं पाणी का, हे तो चालत चालत, हातवारे करत सांगे. बावीस वर्षांची गोष्ट मात्र आता तो कोणालाच ऐकवत नसे. झरीच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "म्हणजे इथलं काही पण खाल्लं तरी चालतं?"

"चालतं," लडक्या म्हणाला. "दोन वर्षं थेंब नाय पडला."

त्याच दिवशी घरी कुर्डूची भाजी होती, वाडीतलीच. शुक्रीने भाकरी केल्या, सून निलमने पाट मांडले. भाजी एकाच ताटात वाढली गेली, लडक्याच्या. शुक्री आणि निलम आपली रिकामी ताटं पुढ्यात घेऊन बसल्या.  वाडीतली भाजी असली की दोन वर्षं हे असंच चालत आलं होतं.

लडक्याने घास घेतला. "बरी झाली," तो म्हणाला.

शुक्री त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्यांकडे बघत राहिली.

तो भरभर खाऊ लागला. भूक नसली तरी तो भाजी भरभर संपवतो, कारण त्याचं खाऊन होऊन घटकाभर वेळ जाईपर्यंत घरातल्या बायकांना उपाशी बसावं लागतं.