मायाक्काची गोडी शेव

मायाक्काला भूक लागे. एरवी ही काही लिहून ठेवण्यासारखी गोष्ट नव्हे. पण सोलापुरातल्या ज्या विद्यार्थिनीगृहात ती १९३४ साली राहत होती, तिथे विधवेला संध्याकाळची भूक लागत नाही असे धरून चाललेले होते.

संस्था सुधारकी होती. विधवांनी शिकावे, मास्तरीण व्हावे, आपल्या पायावर उभे राहावे, यावर समितीचे एकमत होते. त्यांनी खावे काय, याचा विचार करायला मात्र समितीला अजून सवड झालेली नव्हती, म्हणून तूर्त जुनाच नियम चालू होता. जेवणघरात दोन पंगती एकदमच बसत. पहिल्या पंगतीत सवाष्णी आणि कुमारिका. त्यांना दोन्ही वेळचे जेवण. पलीकडच्या दुसऱ्या पंगतीत विधवा. त्यांना सकाळी जेवण आणि संध्याकाळी दुधात भिजवलेल्या लाह्या. कांदा-लसूण नाही, चहा नाही, आणि बाजारचे खाणे तर बोलायलाच नको.

मायाक्का मैंदर्गीकडची, धनगराची सून. मामाकडे अक्कलकोटात राहून सातवी झालेली. नांदायला गेली त्याच वर्षी नवरा पटकीने गेला. त्यांच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरे लग्न होते, तेव्हा सासूने दुधनीचा एक बिजवर हेरून ठेवला होता, चार पोरांसकट. सासरा धुळाप्पा म्हणाला, "आदी मास्तरनीचा कागद आनू दे तिला. मग तिची ती बघंल." कागद दोन वर्षांनी मिळायचा होता. तोपर्यंत विद्यार्थिनीगृहातली जागा टिकली तर मास्तरीण, सुटली तर दुधनी. हे मायाक्काला पक्के ठाऊक होते.

शिवाय ती वाढत होती. सतरा वर्षांची पोर. येताना बरोबर बसणारी चोळी दिवाळीपर्यंत दंडाला काचू लागली. संस्थेच्या वार्षिक अहवालात 'विद्यार्थिनींची प्रगती' असे एक सदर असे, पण त्यात उंची धरत नसत. लाह्यांवर भागेना, तेव्हा तिने ट्रंकेत सासरहून आलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी ठेवली. संध्याकाळी अभ्यासाच्या तासाला ती एक तुकडा मोडी. कडक भाकरी चोरून खाता येत नाही. पहिल्याच घासाला खोलीभर कौले फुटल्यासारखा आवाज होई, आणि शेजारची काशम्मा, साखर पेठेतल्या विणकरांच्या घरची तेलुगू विधवा, पुस्तकातून मान वर न काढता म्हणे, "मायाक्का, भूगोल जरा हळू चाव."

हे चालून गेले. चालले नाही ते गड्ड्यावर.

गड्डा म्हणजे सोलापूरची संक्रांतीची जत्रा. त्या जत्रेला सगळ्या मुलींना रांगेने देवदर्शनाला नेले होते. परतताना रांग शेववाल्या निंगप्पाच्या गाड्यापुढून गेली, आणि निंगप्पा नेमका तेव्हाच गोडी शेव पाकातून काढत होता. बोटाएवढी जाड शेव, वर गुळाचा पांढुरका थर, आत सुंठीचा चटका. लहानपणी अक्कलकोटात मामा तिला हीच शेव घेऊन देई. मायाक्का रांगेतून बाहेर पडली.

"तगो अक्का, तगो," निंगप्पाने कानडीत आग्रह करत कागद पुढे केला. "गरम हाय. जरा फुकून खा."

तिने फुंकर घातली नाही. भर रस्त्यात, उभ्याने, डोक्यावरचा पदर घसरलेला, दोन पैशांची गोडी शेव तिने तळाच्या चुऱ्यापर्यंत खाल्ली, वर बोटे चाटली. समितीतल्या एका सभासदाच्या पत्नीने हे बांगड्यांच्या दुकानातून शेवटपर्यंत पाहिले.

दुसऱ्या दिवशी रेक्टरबाईंनी वर्तनपुस्तक उघडले. डाव्या पानावर गुन्हा त्यांच्या अक्षरात लिहिलेला होता. उजव्या पानावर गुन्हेगाराने 'चूक झाली, पुन्हा होणार नाही' असे लिहून सही करायची.

"लिहा, मायाबाई." मायाक्का हे नाव रेक्टरबाईंना उच्चारवत नसे.

"भूक लागल्ती, बाई. चूक कुटं झाली?"

"सही नसेल तर जागा नाही."

आणि त्यांनी सासऱ्याला कार्ड टाकले. सुनेने भर बाजारात मिठाई खाल्ल्याचे कळल्यावर सासरा शरमेने काळाठिक्कर पडेल, येऊन तिला चार शब्द सुनावेल, आणि सही आपोआप होईल, असा त्यांचा हिशेब होता. त्यांच्या ओळखीचे सगळे सासरे तसेच होते.

धुळाप्पा चौथ्या दिवशी आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. खुर्ची दिली तर खाली बसला.

"काय खाल्लं म्हनता पोरीनं?"

"गोडी शेव. गड्ड्यावर."

"कुनाची?"

"निंगप्पाची," मायाक्का दारातून म्हणाली.

"मग बरुबर हाय. दुसऱ्यांची खवट आस्ती."

रेक्टरबाईंनी चष्मा काढला. "अहो, तुमची सून विधवा आहे!"

"व्हय की," धुळाप्पा म्हणाला. "ल्योक माजाच व्हता."

त्याने काठी शेजारी आडवी ठेवली. मग पुढे म्हणाला, "त्यो गेला तवा उशाला मी व्हतो, बाई. पानी मागितलं त्यानं. बायकूनं जेवू नगो, आसं काय सांगून गेला न्हाय."

"मला वाईट वाटते," रेक्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांना खरेच वाटत असावे. "पण नियम सगळ्यांना सारखा. सही, नाही तर घर."

मायाक्का सासऱ्याकडे बघू लागली. घर म्हणजे दुधनी, हे त्यालाही कळत होते.

"मामा, करू का?" तिने सासऱ्याला विचारले.

"मला काय इचारतीस? मी आंगठेवाला." त्याने शाईने कधी काळी निळा झालेला अंगठा उगीच निरखला. "आपल्या घरात सही येनारी तू येकलीच. कशाखाली टाकायची त्ये तूच बघ. पर वाचून टाक."

मायाक्काने पुस्तक ओढले. डावे पान नीट वाचले. मग उजव्या पानावर, ट्रेनिंगच्या वर्गात शिकवलेल्या वळणदार अक्षरात लिहिले: 'गोडी शेव खाल्ली. भूक लागली होती. शेव चांगली होती. पुन्हा खाईन.' आणि खाली सही केली: मायाक्का. 'क्का' जरा मोठा आला.

रेक्टरबाईंनी ते दोनदा वाचले आणि पुस्तक समितीकडे पाठवले. आता समितीपुढे पेच पडला. मागासलेल्या वर्गातली विधवा विद्यार्थिनी म्हणून मायाक्काचा फोटो त्या वर्षीच्या अहवालात छापून झाला होता, आणि तो बघून सरकारने ग्रँट वाढवली होती. मुलगी काढली तर फोटोचे करायचे काय? 'पुढील सभेत विचार करावा,' असा ठराव झाला. पुढच्या सभेतही तोच झाला. संस्थेच्या दप्तरात हा विचार अजून चालूच असेल.

मायाक्काने मात्र कुठल्याच सभेची वाट पाहिली नाही. सासऱ्याला स्टेशनची वाट दाखवून ती परत आली, आणि त्याच संध्याकाळी ताट उचलून पहिल्या पंगतीत जाऊन बसली. त्या दिवशी भाकरी होती, वांग्याची भाजी होती, कांदा होता. वाढणारीने रेक्टरबाईंकडे पाहिले. रेक्टरबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"वाढा की," मायाक्का म्हणाली. "त्या पुस्तकात काय लिवायचं आसंल तर शाई आनते मी."

वाढणारीने एक भाकरी वाढली. मायाक्काने ताट मागे घेतले नाही. तिने दुसरीही वाढली.

पलीकडच्या पंगतीत काशम्माने लाह्यांची वाटी जराशी पुढे सारली, आणि आपले ताट किती दूर न्यावे लागेल याचा नजरेने अंदाज घेतला.