कोंड्याच्या मोलाची नात

देवाने आमच्या घरातलं एक मूल बिननावाचं नेलं. त्यानंतर दोन वर्षं मी देवापुढे दिवा लावत होते, पण त्याच्याशी बोलत नव्हते. दिवा रोजच्या कामांत धरलेला होता, म्हणून लागत होता, इतकंच.

ती माझी पहिली नात. सहाव्या दिवशी गेली. सून गौरी म्हणत होती, हिला लगेच एखादं नाव ठेवू या. मीच म्हटलं, बाराव्या दिवशी बारसं, तेव्हाच नाव. सगळं रीतीने होऊ दे. माझ्या पर्समध्ये त्रेचाळीस नावांची यादी होती, अर्थांसकट. चेन्नईतल्या दफनभूमीतल्या कारकुनाने रजिस्टर उघडून तमिळमध्ये नाव विचारलं, तेव्हा मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मी पर्स उघडली नाही. कारकुनाने नावाच्या जागी नुसतं 'मुलगी' असं लिहिलं. पंचवीस वर्षं आवडी या उपनगरातल्या एका शाळेचं ऑफिस मी सांभाळलं, एकही रकाना कधी रिकामा सोडला नव्हता.

दुसऱ्या वेळी गौरी सातव्याच महिन्यात बाळंत झाली. पुन्हा मुलगी. वजन किलोभरही नाही. काचेच्या पेटीत नळ्यांच्या मध्ये ती कुठे आहे हे आधी शोधावं लागे. चौथ्या दिवशी रक्तात जंतुसंसर्ग निघाला. डॉक्टर म्हणाले, पुढचे दोन-तीन दिवस काही सांगता येत नाही. मी गौरीला म्हटलं, आज, आत्ता नाव ठेवू या, कुठलंही. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "नाही आई. नाव ठेवलं की ती माझी होते. मग गेली तर मी काय करू?"

त्याच सकाळी हॉस्पिटलच्या खालच्या हॉलमध्ये बसून मी कराडच्या बहिणीला फोनवर नावं वाचून दाखवत होते. गौरी नाही म्हणाली तरी मला काहीतरी करत राहणं भाग होतं. फोन ठेवला तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "त्यातलं एकही ठेवू नकोस गे."

मी दचकले. इतक्या वर्षांत इथे अनोळखी माणसाच्या तोंडून मराठी क्वचितच ऐकलेलं. पण ही वेगळी मराठी होती, जुनी, तमिळच्या चालीवर हेलकावणारी. बाई तंजावरकडच्या. त्यांचे यजमान तिसऱ्या मजल्यावर अतिदक्षता विभागात होते. मी त्यांचं नाव विचारलं.

"कोंडाबाई."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा विचारलं. त्यांना हसू आलं. "कोंडाच. तांदळाचा. माझ्या आधीची चार गेली. मी झाले तेव्हा आईने मला दहीवालीच्या ओटीत घातलं, म्हणाली, ही माझी नाही, घेऊन जा. दुसऱ्या दिवशी सूपभर कोंडा देऊन विकत घेतलं. परक्याचं पोर, तेही कोंड्याच्या मोलाचं. असल्याला कोण नेतो? पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं मी. पोरं पाठीमागे नावावरून काय काय म्हणायची. पण ते ऐकायला मी होते की नाही?"

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. नवसासायासांवरून मी शाळेत वादही घातलेले आहेत. तरी माझ्या तोंडून सवयीने निघालं, "साहित्य काय काय लागतं?"

"आज काही नाही. कोंडा उद्या. आज नुसतं तोंडाने म्हणायचं, ही माझी नाही. ते जमतं का बघ."

मला वाटलं होतं, गौरी हे उडवून लावेल. ती लगेच उठून बसली. तिला म्हणता येण्यासारखं बहुधा एवढंच एक वाक्य उरलं होतं. चार दिवसांची बाळंतीण. मुलाने तिला चाकाच्या खुर्चीवरून खाली आणलं. फाटकाशी झाडाखाली पिळ्ळैयार आहे, दगडी गणपती, येणारे-जाणारे नातेवाईक त्याला दूर्वा वाहतात. तिथे गौरीने रिकामी ओंजळ कोंडाबाईंच्या ओंजळीवर ठेवली आणि म्हणाली, "ही माझी नाही. तुमची आहे." डोळे कोरडे होते तिचे. मुलगाही म्हणाला. मग सगळे माझ्याकडे बघू लागले.

मला ते वाक्य उच्चारता येईना. गेल्या चार दिवसांत औषधांच्या वेळा, डॉक्टरांच्या फेऱ्या, दुधाचे मिलिलिटर, सगळं मी लिहून ठेवलं होतं. मला वाटत होतं, मी लिहायची थांबले की ती जाईल. पहिलीच्या वेळी चुकले होते, आता चुकायचं नाही, असं माझं देवाशी एक न बोललेलं भांडण चाललं होतं. कोंडाबाई ओंजळ तशीच धरून उभ्या राहिल्या. शेवटी मी म्हटलं. नंतर मी तिथल्या कठड्यावर बसून किती वेळ रडले, ते मला सांगता येणार नाही. मुलगा म्हणतो, पाऊण तास.

कोंडा आवडीत गुरांच्या खाद्याच्या दुकानात मिळाला. तमिळमध्ये त्याला तवुडु म्हणतात. दुकानदाराने विचारलं, किती गाई? मी म्हटलं, एकच वासरू आहे, अशक्त आहे. तो म्हणाला, मग कोमट पाण्यात कालवून द्या, अम्मा, जगेल.

दुसऱ्या दिवशी कोंड्याचा डबा घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर गेले. कोंडाबाईंचे यजमान पहाटे गेले होते. त्या बाकावर एकट्या बसल्या होत्या. त्यांचा मुलगा परदेशात, भाचा गावाहून निघालेला. मी डबा पदराआड घेतला आणि मला येतं ते केलं. झेरॉक्स काढल्या, सह्या आणल्या, गाडी ठरवली, भाच्याला फोन करून रस्ता सांगितला. सगळं आटोपल्यावर त्या म्हणाल्या, "आणलास काय कोंडा?"

मी पदराआडचा डबा दाखवला.

"आज माझे हात चालायचे नाहीत गे. सुतक. पोर राहू दे माझ्याकडेच."

"किती दिवस?" मी विचारलं. तशा वेळीसुद्धा मी तारीख मागितली, याची मला अजून लाज वाटते.

"मला काय ठाऊक? त्याला विचार," त्या म्हणाल्या आणि खिडकीतून खाली झाडाकडे बोट केलं. मग गाडी आली. त्यांचा स्वतःचा नंबर मी घेतला नाही. नंतर भाच्याचा नंबर लावून पाहिला, तो बंद झाला होता.

त्या संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, संसर्ग उतरतोय. आदल्या दिवशी औषध बदललं होतं, हे मला माहीत आहे. माझ्याच वहीत ते लिहिलेलं आहे. मी दोन्ही गोष्टी घडल्या तशा इथे मांडते. दोन महिन्यांनी ती घरी आली. एका डोळ्यावर लेझर करावं लागलं. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही. जन्मदाखल्यावर नाव कोंडाबाई आहे. माझा मुलगा म्हणाला, "आई, हिला लोक शाम्पू सुचवतील." गौरी म्हणाली, "सुचवू देत. चेन्नईत कोणाला कळतंय?" आणि तिनेच अर्ज भरला.

विकत घेणं मात्र राहून गेलं. कोणी म्हणालं, दुसऱ्या बाईच्या हातून करून घ्या, चालतं. मी केलं नाही, गौरीनेही मागितलं नाही. गेल्या आठवड्यात पोरीला पुन्हा ताप चढला, एकशे तीन. आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना बसलो होतो. गौरी हळूच म्हणाली, "आई, ही कोणाची?" मी म्हटलं, "आपली नाही." ती म्हणाली, "बरं. मग औषध कधी द्यायचंय?" "चार वाजता," मी म्हटलं, आणि आम्ही कपाळावरची पट्टी बदलली.

समर्पण म्हणजे हात सोडून बसणं, असं मला वाटायचं. तसं नसतं. परक्याची ठेव घरात असली की माणूस आपल्या वस्तूपेक्षा तिला जास्त जपतो, फक्त ती कायमची आपली आहे असं म्हणत नाही. ताप तिसऱ्या दिवशी उतरला. आणखी किती दिवस, ते मी आता विचारत नाही. सकाळी ती जागी होते, उजवा कान माझ्याकडे करते, आणि आजचा दिवस तिला आमच्याकडे ठेवलं म्हणून मी हात जोडते.