हेमंतची केस

मेडिकलच्या होस्टेलवर किस्से गोळा करावे लागत नाहीत हो, धुळ्याच्या धुळीसारखे आपोआप साचतात. हसायचे म्हणून सांगायला घेतो आणि मध्येच घशात अडकतात.

*

आम्ही जो चॅप्टर वाचू, तो आजार आम्हाला! हृदयरोग चालू असताना मी सारखा ईसीजी काढून घ्यायला जायचो. शेवटी टेक्निशियन वैतागला, "डॉक्टर, आता परीक्षा झाल्यावरच या!"

*

आमची सानिका व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बसली. बाहेरून आलेल्या सरांनी प्रेमानं विचारलं, "नाव काय तुझं?"

"सर, हा टॉपिक मी ऑप्शनला टाकलाय!"

आम्ही हसून लोळलो. सानिका मात्र दुपारभर बाथरूममध्ये रडत होती, हे नंतर कळलं.

*

हेमंत माझा रूममेट, शिरपूरकडचा. परीक्षेत एक विषय राहिला, ते घरी माहीत नाही. वडिलांनी, म्हणजे आबांनी, तर दारावर 'डॉक्टर' अशी पाटी आत्ताच लावलीय! त्यांचा रोज फोन, आणि सगळं ठीक आहे असं याचं रोज एकच, "बठ्ठं बराबर शे, आबा!"

फोन ठेवला की भिंतीकडे तोंड. माझ्या घरून, सावद्याहून, केळी यायची. पूर्वी घडच्या घड फस्त करणारा हा, आता त्याच्या वाटची केळी काळी पडायला लागली. मला भीती वाटायला लागली, खरंच.

*

मग सायकियाट्रीची पोस्टिंग लागली. सरावासाठी एकानं पेशंट व्हायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारून हिस्टरी घ्यायची. हेमंतला पेशंट केलं.

"झोप येत नाही. कशातच मन लागत नाही. सकाळ झाली की वाटतं, कशाला झाली!"

"काय ॲक्टिंग करतो राव!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि टाळ्या थांबवल्या.

रूमवर म्हटलं, "सायकियाट्रीच्या मॅडमकडे जाऊ या."

"वेडा झालास? आपलीच ओपीडी ती! बॅचभर बोभाटा होईल."

"मी येतो ना सोबत."

त्यानं पांघरूण डोक्यावर ओढलं. पण सकाळी ॲप्रन घालून माझ्याआधी तयार!

*

ओपीडीत मॅडमना वाटलं, पोरं केस घेऊन आलीत. "हं, सांग."

हेमंत ताठ उभा राहिला. "मॅडम, एकवीस वर्षांचा तरुण, राहणार शिरपूर तालुका, मेडिकलचा विद्यार्थी. दोन महिन्यांपासून झोप नाही, भूक नाही. जगू नये असं वाटतं. घरी सांगितलेलं नाही."

"हिस्टरी चांगली घेतलीस रे. बोलव पेशंटला आत."

हेमंतनं ॲप्रन काढला, घडी करून माझ्या हातात दिला आणि पेशंटच्या स्टुलावर जाऊन बसला.