दोन्ही बाह्या डाव्या

शिवणकामात मास्तरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की छातीचं माप ते नुसत्या नजरेनं सांगत, आणि टेप लावून पाहिलं तरी बोटभर फरक निघत नसे. तोंडानं मात्र फटकळ. बायको काजं-बटणं करायची, आणि तिच्या प्रत्येक टाक्यात त्यांना खोट दिसायची.

साठीनंतर हाच माणूस मंदावला. घेतलेलं माप वहीत उतरवेपर्यंत विसरू लागला. वय झालं, असं सगळे म्हणाले. मग एका सकाळी उजवा हात तासभर लुळा पडला, तेव्हा तपासणीत कळलं, मेंदूकडे रक्त नेणारी मानेतली नस जवळजवळ बुजली होती.

"ऑपरेशननं पुढचा धोका कमी होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण डोकं पूर्वीसारखं चालेलच, असं मी सांगणार नाही."

नस साफ झाली. पहिले काही दिवस मात्र उलटंच. मास्तर दिवसा झोपायचे, बायकोला 'ताई' म्हणायचे. घरी आल्यावरही त्यांचं सगळं तिलाच बघावं लागे. शिवाय दुकान, कापणं, शिवणं. पायांचे नुसते खांब व्हायचे.

"कंटाळली असशील गं," तिची बहीण म्हणाली.

"कंटाळायला वेळ कुठाय?"

तिसऱ्या महिन्यात मास्तर दुकानात येऊन बसले. टांगलेला शर्ट न्याहाळून म्हणाले, "ही कॉलर कुणी लावली? रुसून बसल्यासारखी दिसतेय."

ती आतल्या खोलीत जाऊन कापडाच्या गठ्ठ्यावर बसली आणि रडली. आनंदानं की वैतागानं, तिचं तिलाच कळेना.

पण सगळं परत आलं नव्हतं. त्यांनी हट्टानं एक शर्ट कापला आणि दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. पूर्वी खापर तिच्यावर फुटलं असतं. आता त्यांनी दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या.

"डोक्यात काही टिकत नाही गं. मध्येच सुटतं."

"मग मी एकेक माप वाचत जाते. तुम्ही फक्त कापा."

तेव्हापासून तसंच चाललंय. ती माप वाचते, ते कापतात आणि मधूनमधून तिच्या अक्षराला नावं ठेवतात.

परवा मास्तरांना तपासणीला नेऊन आणल्यावर ती आडवी झाली. मास्तर उशाशी बसून राहिले. "दुकान उघडायचं नाही का?" त्यांनी विचारलं. "उद्या," ती म्हणाली. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तेच विचारलं, आणि ती डोळे न उघडताच पुन्हा म्हणाली, "उद्या."