नंबर पुढच्या अर्ध्याचा

इद्रीस परकारच्या डाव्या हाताच्या तर्जनीला पुढचं पेर नाही. शारजात आल्याच्या दुसऱ्या वर्षी ते ग्राइंडरमध्ये गेलं. तो डावखुरा आहे. पत्र्याच्या जोडावर सीलरचा लेप पसरायला ब्रश असतो, पण इद्रीस तो बोटांनी पसरतो. त्यामुळे त्याच्या हातचा जोड ओळखता येतो. मधल्या बोटाची एक लांब रेघ आणि तिच्या शेजारी थोटकाची एक, आखूड आणि रुंद.

दाभोळ खाडीकाठच्या गावातून तो निघाला तेव्हा तिशीचा होता, आता छप्पन्न. शारजाच्या सनायात, म्हणजे गॅरेजांच्या औद्योगिक वस्तीत, तहसीन नावाच्या श्रीवर्धनच्या माणसाकडे तो डेंटर आहे, चेपलेला पत्रा सरळ करणारा. अमेरिकेतल्या लिलावात अपघाताच्या गाड्या कवडीमोल मिळतात. तहसीन त्या कंटेनरने मागवतो, इद्रीस सरळ करतो, पेंटर रंगवतो, तहसीन विकतो. त्यात चोरटं काही नाही. अर्ध्या शहराला ठाऊक असलेला धंदा आहे.

हाफकट ही वेगळी गोष्ट. एक गाडी पुढून चेपलेली, दुसरी मागून. दोन्ही पुढच्या सीटखाली आडव्या कापायच्या, दोन्ही बाजूंचे दारांखालचे उंबरे आणि छताचे खांब कापायचे आणि चांगले अर्धे एकमेकांना जोडायचे. वर्षाकाठी एकदोन अशा येत. इद्रीसने आजवर चौदा जोडल्या होत्या. जोडलेल्या गाडीचं पुढे काय होतं हे विचारायची पद्धत नव्हती.

फेब्रुवारीत ते न विचारताच कळलं. तो राहतो त्या अजमानच्या खोलीत त्याच्या शेजारच्या पलंगावर झोपणारा अक्रम रिकव्हरीचा ट्रक चालवतो, बंद पडलेल्या आणि फुटलेल्या गाड्या उचलतो. एका दुपारी त्याने मोबाइल इद्रीससमोर धरला. धैदच्या रस्त्यावर खांबाला धडकून एका गाडीचे दोन तुकडे झाले होते. तुकडे पुढच्या सीटखाली झाले होते, सरळ रेषेत, सुरीने कापावे तसे.

"मोठं करून बघ," अक्रम म्हणाला.

फाटलेल्या पत्र्याच्या कडेवर सीलर होता. एक लांब रेघ, एक आखूड.

"चालवणारा?"

"खलास."

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. नाव नव्हतं. वय सव्वीस एवढंच.

इद्रीसने तहसीनला सांगितलं, मी यापुढे हाफकट करणार नाही. तहसीनने ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुझा व्हिसा मार्चमध्ये संपतो ना, मामू? पुढच्या मार्चमध्ये. आणि कशफचं फार्मसीचं अजून एक वर्ष आहे, बरोबर?" कशफ इद्रीसची मुलगी, रत्नागिरीला शिकत होती. तहसीनच्या आवाजात धमकी नव्हती. तारखा त्याच्या लक्षात राहत, एवढंच.

जुलैत निळ्या मस्टँगचे दोन अर्धे आले. इद्रीसने ते जोडले.

*

गॅरेजसमोर एक कॅफेटेरिया आहे. तिथे करक चहा चांगला मिळतो आणि समोर मोकळी जागा आहे, म्हणून अमेरिकन गाड्यांचे शौकीन शनिवारी सकाळी तिथे जमत. बॉनेट उघडायची, फोटो काढायचे आणि वाद घालायचे. वाद ठरलेला असे, कुणाची गाडी जास्त अमेरिकन.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी तिघे होते. चारुदत्त, दुबईत एका कंपनीचा अकाउंट्स मॅनेजर, त्याची काळी चॅलेंजर. राहिल, रायगडकडचा, दुबईच्या देऱ्यात कापडाचा व्यापार, त्याची पिवळी कमॅरो. आणि अंकुर, हमरिया फ्री झोनमध्ये इंजिनिअर, पुण्याचा. त्याच्याकडे अजून काही नव्हतं. तो आज तहसीनची निळी मस्टँग घ्यायला आला होता, सहा वर्षांच्या मुलीला, शुभ्राला, घेऊन.

"चारुदत्त, आधी तू गप्प बस," राहिल म्हणत होता. "तुझ्या चेसिस नंबरचा पहिला आकडा सांग."

"दोन."

"दोन म्हणजे?"

"कॅनडा. ब्रॅम्प्टन. अरे, पण डिझाइन डेट्रॉइटचं!"

"आणि इंजिन मेक्सिकोचं. कॅनडाची गाडी, मेक्सिकोचं इंजिन, आणि मागे झेंडा कुणाचा लावलाय बघा साहेबांनी."

"तुझी कमॅरो तरी कुठली सोवळी? दोन हजार पंधरापर्यंत ती पण कॅनडातच व्हायची. ओशावाला."

"माझी एकोणीसची आहे, हबीबी. लान्सिंग, मिशिगन. पहिला आकडा एक."

"म्हणूनच मी मस्टँग घेतोय," अंकुर म्हणाला. "तुमच्या दोन्ही बनायच्या बंद झाल्या. माझी अजून बनतेय. फ्लॅट रॉक, मिशिगन."

"आणि तुझं पाच लिटरचं इंजिन? ते विंडसरहून येतं. विंडसर कुठेय, गूगल कर. पुन्हा कॅनडाच!" चारुदत्तने सूड उगवला आणि राहिल एवढा हसला की त्याचा चहा सांडला.

इद्रीस गॅरेजच्या दारात हात पुसत उभा होता. हे लोक त्याला ओळखत. बंपरचे ओरखडे त्याच्याकडूनच काढून घेत आणि वादात त्याला पंच करत.

"इद्रीसभाई, तुम्ही सांगा. जास्त अमेरिकन कोण?"

"पत्रा सगळ्यांचा सारखाच आहे," तो म्हणायचा. आजही तेच म्हणाला, आणि ते आजही हसले.

तहसीनने मस्टँग बाहेर काढून पुसून ठेवली होती. "पंच्याऐंशी हजार दिरहम," तो म्हणाला. अंकुरने मोठ्याने हिशोब केला, म्हणजे एकोणीस लाख, पुण्यात या पैशात हिची चावीसुद्धा कोणी देणार नाही. गाडीच्या जुन्या अपघातांचा अमेरिकन रिपोर्ट त्याने आधीच काढला होता. तो स्वच्छ होता, कारण हिचा पुढचा अर्धा ज्या गाडीचा, तिला मागून ठोकर बसली तेव्हा तिचा विमा नव्हता आणि तो अपघात कुठल्याच कागदावर चढला नव्हता.

शुभ्रा मागच्या सीटवर चढून बसली. "बाबा, धिस साइड इज माइन. ओके?"

अंकुरने काचेतून चेसिस नंबरवर बोट ठेवलं. शौकिनांची ही पद्धतच आहे, कुराणाची आयत वाचावी तसे ते हा नंबर वाचतात. "पहिला एक, म्हणजे अमेरिका. अकरावा पाच, म्हणजे फ्लॅट रॉक. झालं. चारुदत्त, बघून घे. हिच्यात भेसळ नाही."

इद्रीस मागच्या सीटकडे बघत होता. ती सीट दुसऱ्या गाडीची होती.

"नंबर पुढच्या अर्ध्याचा आहे," तो म्हणाला.

तो हळू बोलला होता, म्हणून अंकुरने विचारलं, "काय?"

"नंबर खरा आहे. पण तो पुढच्या अर्ध्याचा. मागचा अर्धा दुसऱ्या गाडीचा आहे. सीटखाली जोडलीय."

तहसीन हसला. "मामूने सकाळची शुगरची गोळी घेतली नाही वाटतं. यल्ला, अंकुरभाई, आत या, एसीत बसू."

इद्रीसने खिशातली पाती काढली, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, सीट मागे सारली आणि कार्पेट कापून वर ओढलं. त्याला अर्धं मिनिट लागलं. पत्रा इथे काळा होता, तिथे राखाडी, आणि मधून या उंबऱ्यापासून त्या उंबऱ्यापर्यंत सीलरचा पट्टा गेला होता. तिघे वाकून बघत राहिले. राहिलने मोबाइलचा टॉर्च लावला.

"शुभ्रा, खाली उतर," अंकुर म्हणाला.

"बट बाबा..."

"उतर म्हटलं ना."

ती उतरली. अंकुर अजून त्या पट्ट्याकडेच बघत होता. "हे कुणी केलं?"

"मी."

"तुम्ही?"

"जुलैत."

अंकुरने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आभार शोधावेत असं काही नव्हतं. "गेले दोन महिने मी दर शनिवारी इथे येऊन हिचे फोटो काढतोय," तो म्हणाला. "तुम्ही इथेच उभे असायचात." मुलीचा हात धरून तो चारुदत्तच्या गाडीत जाऊन बसला. राहिलने चहाचे पैसे दिले. पाच मिनिटांत जागा मोकळी झाली. पुढच्या शनिवारपासून ते दुसरीकडे जमू लागले.

तहसीन ओरडला नाही. त्याने गाडी स्वतः आत घेतली, शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टुलावर बसला.

"मला वाटलं होतं तू फेब्रुवारीतच असं काहीतरी करशील," तो म्हणाला. "उशीर केलास. आता इथे ही विकली जाणार नाही, फोटो फिरले असतील. बाहेर पाठवावी लागेल."

"कुठे?"

"जिथे कार्पेट उचलत नाहीत तिथे." मग तो म्हणाला, "तुझी व्हिसाची फाइल माझ्या टेबलावर आहे, मामू. तुला आजच कॅन्सल करू शकतो. महिनाभरात तू गावाला. नाहीतर हे नीट बंद कर, नवीन कार्पेट टाक, गाडी बंदरावर जाऊ दे. मग मार्चचं मार्चमध्ये बघू."

इद्रीसने त्या दिवशी जेवण केलं नाही. गावी फोन लावला, पण बायकोला, मैमुनाबीला, काही सांगितलं नाही. कशफची परीक्षा कधी आहे, एवढं विचारलं. मेमध्ये, ती म्हणाली. मग ती गावातल्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलत राहिली आणि तो ऐकत राहिला.

सोमवारी त्याने जोडावर सीलरचा आणखी एक थर दिला. जाड दिला. सीलरने जोडाला बळ येत नाही, तो फक्त पाणी अडवतो, हे त्याला माहीत होतं. वर नवं कार्पेट चिकटवलं. गाडीच्या पोटाला काळा रंग मारला.

गाडी न्यायला अक्रमच आला. तहसीन नेहमी त्यालाच बोलावायचा. पट्टा अडकवायला तो गाडीखाली सरकला आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तिथे राहिला. काळ्या रंगाखाली रेघा दिसत होत्या, एक लांब, एक आखूड. बाहेर येऊन त्याने गुडघे झटकले.

"कुठल्या देशात?" त्याने विचारलं.

"मला सांगितलं नाही."

अक्रमने कागद पुढे केला. माल गॅरेजमधून निघाल्याची सही लागायची. त्यावर रंग, मॉडेल, चेसिस नंबर होता, आणि एका चौकटीत तहसीनच्या क्लार्कने सुबक अक्षरात लिहिलं होतं की गाडी बनल्याचा देश अमेरिका. इद्रीसने सगळं वाचलं आणि सही केली. अक्रम ट्रकमध्ये चढला. त्या संध्याकाळी खोलीवर दोघांनी भात केला आणि मॅच बघितली. गाडीचा विषय निघाला नाही, त्यानंतरही कधी निघाला नाही.

मार्चमध्ये व्हिसा दोन वर्षांनी वाढला. मेमध्ये कशफची परीक्षा झाली. जूनमध्ये कंटेनरमधून एका पांढऱ्या चार्जरचे दोन अर्धे उतरले. इद्रीसने मोजपट्टी लावली, खुणा केल्या आणि कामाला लागला.

सीलर पसरताना तो आता हातमोजे घालतो. थोटकाच्या बोटात कापूस भरतो, म्हणजे रेघा सारख्या येतात.